दुसऱ्या दिवसाचं काम

ता. ४

ती. ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

इकडे सगळे मजेत आहोत, म्हणजे वेगवेगळे मजेत आहोत. दादाशी माझं बोलणं बंद होऊन महिना उलटला. कारण तुला ठाऊक आहेच. तो पहाटे उठून खणखणीत आवाजात पवित्र शास्त्र, आपलं बायबल, वाचतो आणि आम्ही रात्री टीव्ही बघतो. शेवटी बैठकीच्या खोलीत मधोमध भिंत घालायची ठरली. आखणी अर्थातच मी केली. मोजणी खात्यात उभा जन्म लोकांच्या जमिनी वाटून देण्यात गेला, घरची एक वाटणी जमू नये?

तू भांडशील, म्हणून आधीच सांगतो. रविवारच्या शाळेत तू शिकवायचीस तो शास्त्राचा पहिला अध्याय मी पुन्हा वाचला. देवानं सुरुवातीला केलं काय? उजेड अंधारापासून वेगळा केला, वरचं पाणी खालच्या पाण्यापासून वेगळं केलं. जग उभं राहिलं तेच वाटणीवर, मग आम्हीच काय घोडं मारलंय? आईच्या मागच्या खोलीला दोन दारं आहेत, एक दादाकडे उघडेल, एक माझ्याकडे. दोन पाण्यांच्या मध्ये आकाश, तशी ती राहील. हा अर्थ मी वहिनींमार्फत दादाला कळवला. त्यानं उलट निरोप धाडला की अर्थ मान्य आहे, फक्त आपल्या दोघांत उजेड कोण आणि अंधार कोण, तेवढं स्पष्ट व्हावं.

तुझा लोभ आहेच, तो वाटणीत धरलेला नाही.

तुझा,
धाकटा

ता. ९

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग चहा बाजूला ठेवून शास्त्र उघडलं. भावाशी नांदता येत नाही ते नाही, वर देवाला साक्षीला बोलावता.

अध्याय वाचलास, पण मोजणीवाल्यासारखा वाचलास. हद्दी तेवढ्या दिसल्या. उजेड केल्यावर देवानं तो पाहिला आणि त्याला चांगलं म्हटलं. जमीन, झाडं, मासे, गुरं, सगळ्यांना चांगलं म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी, पाण्यापासून पाणी वेगळं केलं त्या दिवशी, चांगलं म्हणून एक शब्द नाही. पोरं मला दरवर्षी विचारायची, असं का? मी सांगायचे, वेगळं करावं लागलं तर करावं, पण त्याचं कौतुक करू नये. तूही त्या वर्गात होतास. बहुतेक मागच्या बाकावर दादाशी कुजबुजत असशील.

भिंतीचं मला फारसं काही नाही रे. भीती वेगळीच आहे. आई थकली आहे. उद्या तिचं काही कमीजास्त झालं, तर ते सुद्धा तुम्ही एकमेकांना वहिनीमार्फत कळवाल. दादा ड्रायव्हिंग शाळेत जगाला ब्रेक दाबायला शिकवतो, घरी मात्र त्याला थांबता येत नाही. तू तरी थांब. एकदा त्याच्याशी तोंडानं बोल.

माया असू दे. दुसरं काही ठेवायला तू घरात जागा सोडलेली दिसत नाही.

तुझी,
ताई

ता. १७

ती. ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

तुझा मुद्दा बिनतोड होता, म्हणून दोन दिवस शास्त्र घेऊन बसलो. तिसऱ्या दिवशी देवानं दोनदा चांगलं म्हटलंय, पाहिलंस का? माझा अर्थ असा : दुसऱ्या दिवशी पाण्याचं काम अर्धवट होतं, आणि अर्धवट कामाला कोण बरं म्हणतो? तिसऱ्या दिवशी ते पुरं झालं, तेव्हा आदल्या दिवसाचंही चांगलं म्हणून टाकलं. सबब भिंत अर्धी ठेवणं चूक. ती पुरी झाली. दादालाही हा अर्थ पटला, असं वहिनी म्हणाल्या.

आता तुला हसायला एक गोष्ट सांगतो. मी बोटभर चूक न करता मोजमाप केलं, पण तारांकडे पाहिलंच नाही. आपल्या बैठकीत दोन टोकांना दोन दारं, आणि बाबांनी हौसेनं असं करून घेतलं होतं की कुठल्याही दारातून आत आलं की पलीकडच्या टोकाचा दिवा लागावा. त्यामुळे आता माझ्या दिव्याचं बटण दादाकडे आणि दादाच्या दिव्याचं माझ्याकडे. पहिल्या संध्याकाळी आम्ही दोघंही अंधारात बसलो. दोघांच्याही हाताशी दुसऱ्याचा दिवा, पण आधी मागायचं कोणी? बायको म्हणाली, तुम्ही बसा अध्यायाचा अर्थ लावत, आणि मुलांना घेऊन माहेरी जेवायला गेली.

वायरमनला सांगितलंय, सोमवारी येतो म्हणाला. तोवर राग धरू नकोस, धरलास तर तो दोघांवर सारखा धर.

तुझा,
धाकटा

ता. २८

चि. सौ. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

माझं अक्षर हललेलं आहे, सांभाळून वाच. दोघं तुला पत्रांतून शास्त्र शिकवतात असं कळलं. मला कोणी विचारलं नाही, पण अध्याय मलाही पाठ आहे. देवानं आधी उजेड केला आणि मग वाटण्या केल्या. आपल्या शहाण्यांनी आधी वाटणी केली आणि मग उजेडाची आठवण काढली. मला एवढाच अर्थ लागतो.

दुसऱ्या संध्याकाळी धाकट्यानंच पहिल्यांदा हाक मारली. नाव घेतलं नाही, नुसतं म्हणाला की जरा लावता का. लगेच दिवा लागला. मग पलीकडून दादानं मागितला. आता रोज लावताना एक हाक, मालवताना एक हाक. परवा लावताना दादानं त्याला खोकला कसा आहे ते विचारलं, आणि मी आत पांघरुणात रडून घेतलं.

सोमवारी वायरमन आला होता. घरात मी एकटीच होते. चुकीच्या घरी आलास म्हणून मी त्याला परत पाठवलं. गुरुवारी पुन्हा आला, पुन्हा पाठवलं. बिचारा दोन्ही वेळा पत्ता तपासत जिना उतरला. आता दोघंही भिंतीच्या दोन बाजूंनी त्याला आळशी, शब्दाला न जागणारा म्हणून शिव्या घालतात. किती दिवसांनी दोघांचं एकमत झालंय. तू यात पडू नकोस.

तुझी,
आई