म्हशीच्या किमतीचा टेप

७ मे १९७८, रविवार
हे परवा पलटणीतून सुटीवर आले. जम्मूहून इंझोरीले याचं म्हणजे अंगाचं भुस्काट. ट्रंकेत कांबळ्यात गुंडाळून टेपरेकॉर्डर. सेलवर चालणारा, वर धरायले मूठ. बटन दाबलं की बोललेलं धरून ठेवते, मंग पाहिजे तेव्हा ऐकवते. सारी वस्ती आमच्या ओसरीत.
सगळ्यायचा पहिला प्रश्न एकच. कितीले पडला?
यायनं आकडा सांगितला तं आत्याबाई खालीच बसल्या. "येवढ्यात दुभती म्हैस आली असती रे बाबा! वगारीसकट!"
सासू आहेत म्हणून नाई, खरं बोल्ल्या. घरात दूध विकतचं अन् हा डब्बा कायले? पण मले कोण विचारते. मी चुलीपाशी.
हे म्हणे, "आता चिठ्ठ्या बंद. मले लिहाचा भल्ला कंटाळा येते. तुमी टेपमंदी बोलून पाठवा, मी बोलून पाठवतो." म्हणताना माझ्याकडे पाहून हासले. मले हासू नाई आलं.

१० मे
चिठ्ठ्या बंद म्हणजे माझं बोलणंच बंद. घर एक खोलीचं, उन्हाळ्यात सगळे अंगणात. तीन वर्षांच्या संसारात यायच्याशी धड बोल्ली असन तं कागदावर. लिफाफ्यात घरची चिठ्ठी वेगळी अन् माझी घडी वेगळी. घरची भाऊजी वाचून दाखवतात (यायचा धाकटा भाऊ, सातवी झाला). माझ्या घडीले कोणी हात लावत नाई. आत्याबाई स्वतः आणून देतात, "हे घे तुहं." या घरचा तेवढा रिवाज मले आवडते.
शाळेतल्या वानखडे बाईनं अकोल्याच्या अध्यापक विद्यालयाचा माझा फॉर्म भरून घेतला आहे. दोन वर्षं. होस्टेलात राहाचं. यायले सांगाचं आहे. आज विहिरीवर जाताना सांगीन म्हटलं तं भाऊजी मागं मागं. जाऊ दे. नंबर लागला की सांगीन. नाई लागला तं उगाच कायले तोंड वाजवाचं.

१६ मे
काल नवलच झालं. पाटलाचा मधवा पोरगा टेप ऐकाले आला. उभा नाई राह्यला, ओसरीवर बसला. सतरंजीवर. आमच्या घरचं पाणी मागून पेला. मामाजी (यायचे बाबा) अजून त्याच नशेत आहेत.
आत्याबाईनं आज पुन्हा म्हशीचं काढलं तं मामाजी म्हणे, "म्हैस घेतली असती तं तो तिची धार पाहाले आपल्या वसरीवर बसला असता काय? आँ? वसूल झाले पैसे."
आत्याबाई आधण ठेवाले उठल्या. पण चहाले दूध आज पुन्हा शेजारून आणलं.

२४ मे
हे गेले. परवा बुद्धपौर्णिमेले विहारात टेप नेला होता, सगळ्यायची वंदना भरली. ती कॅसेट जाताना घेऊन गेले. मशीन इथंच ठेवली, पलटणीत एका दोस्ताजवळ दुसरी आहे म्हणे. निघताना मले येवढंच, "बोलत जाजो त्याच्यात." कसं बोलू? भाऊजी बटन दाबणार, मामाजी समोर, वस्ती भवताल. मी काय बोलू, भाजी खारट झाली?

३० मे
नंबर लागला!!
बाईनं शाळेत बोलावून कार्ड हातात दिलं. १ जुलैले हजर व्हाचं. घरी कोणाले सांगितलं नाई.
मामाजी काय म्हणतील ते पाठ आहे. पलीकडच्या घरची सून नर्स व्हाले गेली तेव्हा म्हणत होते, "सून घरची हाय का सरकारची?" हे हो म्हणाले तं मामाजी ऐकतील. दुसरा रस्ता नाई.
यायले दीड पान चिठ्ठी लिहिली. कंटाळा असो की काही असो, याचं उत्तर कागदावरच द्या, असं खाली रेघ मारून लिहिलं. स्वतः पोस्टात टाकली.

९ जून
उत्तर नाई. जीव थाऱ्यावर नाई. भाकर करपली, आत्याबाई बोल्ल्या.
भाऊजी रेडिओपुढं टेप धरून गाणे भरत बसतात. त्याच्यात सेल गेले. नवे आणाले मामाजी कारंज्याले गेले, एस.टी.चं भाडं वेगळं. म्हैस निदान कडबा खाऊन दूध देते. हे नुसतं सेल खाते.

१८ जून
काय लिहू. संतापानं पेन धरवत नाई.
आज टेप आला. चिठ्ठी नाई, घडी नाई, नुसता टेप. संध्याकाळी सारे अंगणात. पाटलाचा मधवाही. सुरुवात चांगली. बाबाले जयभीम, मायले जयभीम, इथं ऊन भल्लं आहे, जेवण बरं आहे. आत्याबाई पदरानं डोळे पुसून राह्यल्या, मशीनले हात लावून पाहून राह्यल्या. मलेबी भरून आलं, खोटं कायले बोलू. माणूस समोर बसल्यावाणी.
अन् मंग आवाज आला: "सुमनची चिठ्ठी पोचली. त्या गोष्टीचा मी इचार करून राह्यलो. पुढच्या टेपमंदी सांगतो. तवरोक तिनं जिवाले जपावं."
यायनं माझं नाव घेतलं! लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदा. अन् तेही अख्ख्या वस्तीत. बाया खुदखुदल्या. मामाजी खाकरले. "कोनती गोष्ट वं?" आत्याबाई. मी सरळ घरात गेली.
खाली रेघ मारली होती मी! कागदावर द्या म्हणून! या माणसाले नवं खेळणं भेटलं अन् अक्कल जम्मूतच सांडली.

१९ जून
आता हे ऐका. सकाळी घागर उचलाले गेली तं आत्याबाईनं हातातून घेतली. "नको. तू बस."
काहून?
"मले कळत नाई काय? तो सुटीवर येऊन गेला. तुह्या चिठ्ठीतली गोष्ट. जिवाले जप म्हने."
तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, "आत्याबाई, तसं काही नाई हो."
"पयल्यांदा नाईच म्हनतात."
दुपारपर्यंत वस्तीभर. शेजारीण कैऱ्या घेऊन आली. मी जेवढं नाई म्हणावं तेवढ्या हासतात. खरी गोष्ट सांगितल्याशिवाय हे खोटं मरत नाई, अन् खरी गोष्ट सांगाची कशी?
तीन वर्षं झाले आत्याबाईनं नातवाचा शब्द तोंडातून काढला नव्हता. आज गाणं गुणगुणून राह्यल्या होत्या.

२३ जून
पेरणी सुरू. सगळे वावरात, मले घरी ठेवलं. "ओझं नको उचलू." रिकामी बसून अंगाले मुंग्या. सारखी दारापर्यंत जाते अन् परत येते.
टेप फळीवर होता. काढला. भाऊजी दाबतात ते दोन बटन दाबले. मंग म्हटलं, मी सुमन बोलते. मले मास्तरीण व्हाचं आहे. मले अकोल्याले जाचं आहे. मले दिवस नाईत. एकदाचं सगळं भडाभडा.
मागं नेऊन लावलं तं मी घाबरलीच. ही कोण? भरडा आवाज, मोठा, माझ्या मावशीवाणी. मले वाटे माझा आवाज बारीक आहे. घरात तसाच निघते. अन् ही बाई तं चांगली ठणकावून बोलून राह्यली होती. तिले कोणी नाई म्हणू शकलं नसतं.
पुन्हा पुन्हा लावलं. मंग त्याच्यावर रेडिओ भरून पुसून टाकलं.
किंमत जास्तच आहे. अजूनही म्हणते. पण आज पहिल्यांदा वाटलं की अगदीच पाण्यात नाई गेली.

२७ जून, दुपार
पोस्टमन येऊन गेला. टेप आला आहे. घरी मी एकटी. कॅसेट माझ्या मांडीवर, मशीन समोर.
आताच लावू? हो म्हटलं असन तं देव पावला. नाई म्हटलं असन तं? लाल बटन दाबून पुसून टाकीन, अन् कोणाले समजणारबी नाई. इथंच गोम आहे. मले माझाच भरवसा नाई.
परवा निघाले पाहिजे. बाईनं विचारलं, सांगितलं का घरी? मी मान हालवली, हो की नाई ते मलेच माहीत नाई.
लावला नाई. फळीवर ठेवला. पुन्हा काढला. पुन्हा ठेवला.

२८ जून
काल दिवे लागणीले सगळे जमले. मामाजीनं कॅसेट बसवली. आत्याबाई माझ्यासाठी पाट घेऊन आल्या. "उभी नको राहू बाप्पा, आता तू एकटी नाईस."
तेवढ्यानं झालं. मी म्हटलं, "मामाजी, थांबा. आधी माझं ऐका."
मामाजीशी मी आजपर्यंत "ताट वाढलं" याच्या पलीकडे बोल्ली नसन.
सांगितलं. दिवस नाईत. चिठ्ठीत ते नव्हतंच. अकोल्याले नंबर लागला, एक तारखेले हजर व्हाचं, दोन वर्षं. फॉर्म मी भरला, कोणाले न विचारता. आवाज बारीक नाई निघाला.
आत्याबाईच्या तोंडाकडे पाहवेना. पाट हातात तसाच. ते माझ्या मनाले लागलं, अजून लागून आहे. पाटलाचा मधवा हळूच उठून गेला, त्याच्यामागं बाकीचे.
मामाजीचं बोट बटनावर. मंग म्हणे, "यानं याच्यात नाई म्हटलं असन तं?"
"तरी जाईन."
"अन् हो म्हटलं असन तं?"
"तं बरं वाटन. पण जाईन मी माझ्या नंबरावर."
तोंडातून निघून गेलं. मामाजीनं माझ्याकडे पाह्यलं, रागानं की कसं ते अंधारात दिसलं नाई. मंग बटनावरचं बोट काढलं अन् आत गेले. जेवले नाई.
आज दिवसभर टेप कोणी लावला नाई. भाऊजी हात लावाले गेले तं मामाजी खेकसले, "राहू दे तो." यायनं काय सांगितलं ते अजून मलेबी माहीत नाई.
आत्याबाई सकाळपासून माझ्याशी बोल्ल्या नाईत. घागर मीच आणली. उद्या निघाचं आहे. आता मी भाकरी टाकून राह्यली होती तं त्याच चुलीकडे पाहत म्हणे, "तथी अकोल्याले भाकर देतात का नुसता भात?"
मी म्हटलं, माहीत नाई.
"इचारून घ्यावं मानसानं," म्हणे, अन् पीठ मळाले बसल्या. आमच्या चौघायच्या मानानं पीठ जास्त होतं.