तिसरी हाक जिन्याच्या तोंडाशी

४ मार्च, सोमवार

झालं! वीस वर्षं रेकॉर्ड खोलीत धूळ खाल्ली आणि निवृत्तीला चार वर्षं उरली असताना मला कोर्टाच्या दारात उभं केलं. पुकारा करायला! म्हणजे नाव ओरडायचं, माणूस आत येतो, साहेब काय ते सांगतात, माणूस बाहेर जातो, की पुढचं नाव.

जुने पट्टेवाले काका आज निवृत्त झाले. जाता जाता शिकवणी घेतली. "पहिली हाक दारात. दुसरी गॅलरीत. तिसरी जिन्याच्या तोंडाशी. मगच गैरहजर म्हणायचं." म्हटलं, जिन्यापाशी कशाला? तिथे कोण बसलंय? तर म्हणाले, "आपली पद्धत आहे." पद्धत! दारापासून जिना चाळीस पावलं. दिवसाला सत्तर नावं. माझ्या गुडघ्यांना विचारलंय का कोणी? पण मान डोलावली. निघालेल्या माणसाशी कशाला वाद घालायचा.

५ मार्च

स्टूल मिळवलं. दाराला लावून ठेवलं. तिन्ही हाका बसल्या जागेवरून, एका दमात. आवाज खणखणीत आहे माझा — नवरा काय उगाच वचकून असतो! कोणाचं काही अडलं नाही.

७ मार्च

आज जे ऐकलं ते अजून डोक्यातून जात नाही.

एक बाई होती, तीस-पस्तिशीची. बाजाराच्या कोपऱ्यावर बसून बॅगांना, जॅकेटांना चेन बसवून देते. गुन्हा काय? फुटपाथवर पेटी ठेवली. "गुन्हा कबूल?" "पेटी माझीच आहे साहेब." दंड दोन हजार, नाही भरला तर पंधरा दिवस कैद. बाई म्हणाली, "साहेब, पेटीसकट मला विकलं तरी एवढे यायचे नाहीत." सगळे हसले. साहेबही. मग ती म्हणाली, वडील अंथरुणाला खिळलेत. दुपारी बाराला जाऊन त्यांची कूस बदलावी लागते, भरवावं लागतं. घरात दुसरं कोणी नाही. मी आत गेले तर त्यांचं कोण करणार? मग कोणी हसलं नाही.

साहेब वाईट नाहीत. चार हप्ते करून दिले, दर गुरुवारी एक. पण हप्ते हवेत तर अर्ज करा, आणि अर्जाला कोर्ट फीचं तिकीट लावा — पन्नासचं! मी बेंच क्लार्कला विचारलं, "अहो, पैसे नाहीत हे सांगायला पैसे?" मान वर न करता म्हणाला, "बाई, नवीन आहात." नवीन? वीस वर्षं याच इमारतीत आहे मी! हेच कागद गठ्ठ्यात बांधत होते. एकही वाचला नव्हता.

१४ मार्च

चेनवालीचा पहिला हप्ता. नियम असा: खालच्या मजल्यावर खिडकीवर पैसे भरायचे, पावती घेऊन वर यायचं, नाव पुकारलं की दाखवायची. एक तारीख चुकली की सवलत रद्द आणि वॉरंट. आज माझ्याआधीच येऊन बसली होती, खिडकी उघडली तेव्हा पहिला नंबर तिचाच.

नंतर गॅलरीत माझ्या पर्सकडे बघत म्हणाली, "मावशी, ती चेन किती दिवस अशी दात पाडून बसलीय?" पिशवीतून पक्कड काढली, दोन मिनिटांत बसवली. मी पैसे काढले तर, "राहू द्या हो. दारातला माणूस आपला असलेला बरा." आणि बाराच्या आत घरी पोचायचं म्हणून पळाली.

१५ मार्च

पर्सची चेन काय सुरेख चालते! दिवसभर उगाच उघडमीट करत होते.

२१ मार्च

पाचशे भरले तर दंडातून कमी झाले साडेतीनशे!

चेनवालीने पावती माझ्यासमोर धरली. "मावशी, मला वाचता येतं, पण हे कळत नाही." मलाही कळेना. जेवणाच्या सुट्टीत खाली उतरून कॅशियरला विचारलं. तो म्हणाला, "हप्त्याची फी, वसुलीची फी. आधी फी वळती होते, मग दंड." म्हणजे एकदम भरू शकणाऱ्याला दोन हजार, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला जास्त! "हे कोणी ठरवलं?" तर म्हणे, छापील आहे. जसं काही छापखान्यानेच ठरवलंय.

तिला सांगितलं. तिने बोटांवर हिशोब केला. "म्हणजे अजून दोन गुरुवार वाढले." एवढंच म्हणाली.

मी असते तर खिडकी फोडली असती. (नसती फोडली. मीही बोटांवरच मोजलं असतं.)

२८ मार्च, गुरुवार

हे आजच लिहून ठेवायला हवं.

आज ऐंशी नावं. गुडघा सुजलेला. अकरा वाजून दहा मिनिटांनी चेनवालीचं नाव आलं. मी स्टुलावरून तिन्ही हाका मारल्या. कोणी आलं नाही. "गैरहजर." साहेबांनी चष्मा वर केला. "ती येते ना नेहमी? पुकारा नीट केलात?" "केला साहेब." रोजनाम्यात लिहिलं गेलं — तीन वेळा पुकारा केला, आरोपी गैरहजर. दाराच्या रजिस्टरात माझी सही. सवलत रद्द. वॉरंट.

सव्वाअकरा झाले असतील. ती धापा टाकत जिना चढून आली, हातात पावती! बेंच क्लार्क म्हणाला, "आता लिहून झालंय. नवीन अर्ज करा." पावतीवर वेळ छापलेली — ११:१२. म्हणजे मी हाका मारत होते तेव्हा ही खाली रांगेत, पैसे हातात धरून उभी! खिडकी उघडते अकराला. कोर्ट बसतं अकराला. माणसाने एका वेळी दोन मजल्यांवर कसं असावं?

मी म्हटलं, "अगं, ऐकू नाही आलं का?" म्हणाली, "गेल्या वर्षीही मला दंड झाला होता मावशी. तेव्हा ते काका जिन्यावरून ओरडायचे. तिथून ओरडलं की खाली रांगेत सगळ्यांना ऐकू येतं. आज आवाजच आला नाही."

पद्धत म्हणे पद्धत! अहो काका, का ते सांगायचं होतंत ना!

नाही. मी विचारलं होतं ते खिजवून. खरं उत्तर मला नकोच होतं. मला स्टूल हवं होतं.

२९ मार्च

तिला नेलं. कोपऱ्यावरूनच. एका बॅगेची चेन अर्धी बसवून झाली होती. शेजारच्या फळवाल्याने पेटी उचलून ठेवलीय.

३० मार्च, शनिवार

फळवाल्याला पत्ता विचारून तिच्या घरी गेले. लाँड्रीच्या मागे एकच खोली, पण लख्ख. फळवाल्याची बायको दुपारपुरती येते, पण तिच्याने म्हाताऱ्याची कूस एकटीने बदलवत नाही. दोघींनी मिळून वळवला. पाठीवर तळहाताएवढा लाल चट्टा. एका दिवसात!

म्हातारा शुद्धीत आहे, चांगला बोलतो. "तुम्ही कोण?"

"कोर्टात असते मी."

"मग साहेबांना सांगा. पोरगी तोंडाळ आहे, काहीतरी बोलली असेल. पण उशीर करणारी नाही ती. बाराच्या ठोक्याला येते. कधी चुकली नाही."

मी हो हो म्हणत चपला घातल्या. उलट्या घातल्या होत्या, हे रस्त्यात कळलं.

३१ मार्च

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चार वर्षं राहिलीत. पेन्शनवर पाणी सोडणार आहेस का? पंधरा दिवसांनी सुटेल ती." बरोबरच आहे त्याचं. बरोबरच आहे.

पण तो चट्टा पंधरा दिवस थांबेल का?

१ एप्रिल, सोमवार

लिहून दिलं. "२८ मार्च रोजी मी तिन्ही हाका स्टुलावर बसून मारल्या. गॅलरीत गेले नाही. जिन्यापाशी गेले नाही. आरोपी इमारतीत हजर होती. साहेबांना मी खोटं सांगितलं." खाली सही, तारीख.

साहेबांनी दोनदा वाचलं. "बाई, हे फाइलला लागेल. समजतंय ना?" म्हटलं, समजतंय. बेंच क्लार्क माझ्याकडे भूत बघितल्यासारखा बघत होता. वॉरंट रद्द, सुटकेचा हुकूम. एवढ्यात बेंच क्लार्क पुटपुटला, "वॉरंट रद्द करायच्या अर्जाला तिकीट..." अजूनही तिकीट! मी पर्स उघडली. चेन सर्रकन सरकली. ढसाढसा रडावंसं वाटलं, भर कोर्टात.

संध्याकाळी तुरुंगाच्या फाटकाशी उभी राहिले. ती बाहेर आली, चेहरा उतरलेला. मी सगळं सांगितलं, अगदी गुडघ्यासकट. तिने ऐकून घेतलं.

"मावशी, तुम्ही बसून होतात?"

"हो."

वडील एकटे आहेत म्हणून पळत सुटली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

३ एप्रिल

चौकशीचा कागद हातात आला. तोवर पुन्हा रेकॉर्ड खोली. दारात नवीन माणूस. त्याला हाताला धरून जिन्याच्या तोंडाशी नेलं, खालची रांग दाखवली, का ते सांगितलं. स्टूल मी माझ्याबरोबर घेऊन आले.

५ एप्रिल

दाराचं मार्चचं रजिस्टर आज बांधायला माझ्याकडेच आलं. सवयीने चाळलं. माझ्या सहीचे 'गैरहजर' — एकतीस. खिडकीच्या पावत्यांचा गठ्ठा त्याच फळीवर होता. खाली उतरवला. नाव नावाशी, वेळ वेळेशी लावत बसले.

त्यातले एकोणीस जण तेव्हा खाली रांगेत उभे होते.

चौदा अजून आत आहेत.