गळती नाही

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल पाणीपट्टीच्या सुनावणीत मी बोलले. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हाती माईक आला, म्हणजे बाकीचे दमले असणार. म्हटलं, निम्मं पाणी वाटेतच गळतं. फाटक्या खिशाला आधी टाका घाला, मग आमच्यापुढे हात पसरा. टाळ्या पडल्या. तेवढ्यात तुमच्या पाणीखात्याच्या साहेबांनी यादी फडकवली. सत्तावीस गल्ल्यांपुढे 'गळती नाही'! त्यात आमची गल्ली, आणि खाली सही तुझी. अरे, आमच्या कोपऱ्यावर भर उन्हाळ्यात शेवाळ असतं. तुला कुणी गप्प बसवलंय का?

अंजिरं पाठवतेय. झाडाला तांब्याभर पाणी घालत नाही, तरी लगडलंय. शेजारीण जळते. मी म्हणते, हातगुण लागतो.

लोभ आहेच, त्याला अजून मीटर बसलेला नाही.

तुझी,
ठिणगी

९ मार्च

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

अंजिरं पोचली, तुझ्या वहिनीने मला मोजून दोन दिली. यादीचं म्हणशील, तर लोखंडी कांडी जमिनीला टेकवून, कान लावून गळतीचा आवाज ऐकायचा, हेच मी तीस वर्षं करतोय. तू भांड, जरूर भांड. पण आपली गल्ली सोडून. गल्ल्या काय थोड्या आहेत? आणि शेवाळ सावलीतही धरतं.

तब्येतीला जप, तोंडालाही.

दादा

१३ मार्च

दादा, नमस्कार.

मायना आखूड आहे, कारण संशय लांब आहे. 'आपली गल्ली सोडून' वाचलं आणि खात्री पटली. कुठेतरी पाणी मुरतंय, आणि हे मी म्हण म्हणून लिहीत नाही. कुणाचं मिंधेपण आहे तुला? गुरुवारी बाहेरचा इंजिनिअर तपासायला येतोय. मीच मागणी केली. खोटी सही करणाऱ्याची नोकरी जावी, ही मागणीही माझीच. तो माझा सख्खा भाऊ आहे, हे सांगितलेलं नाही. अजून.

ठिणगी

१६ मार्च

चि. ठिणगीस,
आशीर्वाद.

मिंधा मी कुणाचाच नाही. अकरा वर्षांपूर्वी कांडी टेकवली, तेव्हा आवाज तुझ्या अंजिराच्या बुंध्याखालून आला. जमिनीखालचा नळ दुरुस्त करायचा तर झाड काढावं लागलं असतं. ते तुझ्या नवऱ्याने लावलेलं, आणि तो जाऊन महिनाच झाला होता. मशीनवर खोळ घालून तू दिवसभर त्या सावलीत बसायचीस. मी वहीत 'गळती नाही' लिहिलं. पुढे दरवर्षी तेच उतरवलं.

निवृत्तीला चार महिने आहेत. गुरुवारी काय बोलायचं ते तू ठरव, मी सुचवणार नाही. हातगुण मात्र तुझा नव्हे, खात्याचा.

दादा

२२ मार्च

ती. दादास,
सा. न.

इंजिनिअर यायच्या आधीच कापड बेतायच्या खडूने बुंध्याशी फुली मारली. म्हटलं, इथे खोदा. कांडीवाला आला की मी मुद्दाम मशीन जोरात चालवायचे, त्या बिचाऱ्याला ऐकू काय येणार, असंही सांगितलं. शेजारीण पोट धरून हसली. यापुढे सभेत मला माईक कोण देतंय!

झाड दुपारपर्यंत आडवं झालं. नळाला भोक करंगळीएवढं. मशीन आता घरात घेतलंय, अंगणात ऊन लागतं.

सोबत शेवटची अंजिरं. टोपली परत पाठवू नकोस.

तुझ्यावरचा राग गेला, संशय नाही. यादीत अजून सव्वीस गल्ल्या आहेत. तिथे कुणाकुणाच्या बहिणी राहतात?

तुझी,
ठिणगी