न ऐकलेली चरचर

सोमवार, संध्याकाळ

आज माझ्या हातानं झालेलं: निर्गुडीचं तेल, माक्याचं तेल आणि अंघोळीआधी अंगाला लावायचं वाळ्याचं तेल. पाला-मुळ्या मी निवडल्या, वाटल्या मी, ढवळलं मी. कुणी शिकवलं नाही. तेलं करपवत शिकलो.

तेल झालं का ते बघायला कढईतल्या पाल्याच्या चोथ्याची वात वळून जाळावर धरायची. चरचरली तर तेलात पाणी आहे. गुपचूप जळली की कढई उतरवायची. आज निर्गुडीची गुपचूप जळली. कढई उतरवतोय, तोच बायको, महानंदा, दारातून म्हणाली, "अवो, उतरवता काय? चरचरतंय की!"

"कुटं चरचरतंय?"

"मला हितं ऐकू येतंय. टीव्ही गल्लीला ऐकवता, तवाच म्हणलं, कान दाखवा."

तिच्यावर ओरडलो. मग दुसरी वात धरली, कान अगदी जवळ नेला. काहीच नाही. महानंदा हसली नाही, म्हणजे थट्टा करत नव्हती. ही चरचर मला कधीपासून ऐकू येत नाही? कपाटातल्या मागच्या खेपेच्या बाटल्यांतही पाणी असेल तर? पाणी राहिलं की तेल खवटतं, म्हणून एक उघडून हुंगली. खवट आहे का? आता नाकावर तरी भरवसा ठेवू?

तेवढ्यात मोहोळचा दुकानदार ठरल्याप्रमाणे माल न्यायला आला. माल द्यायचा नाही म्हणालो. त्याला वाटलं, बाटलीवर त्याच्या दुकानाचं नाव येईल म्हणून अडलोय. "मालक, नाव तुमचंच राहू दे की." माल द्यायचा नाही म्हणालो. का, ते सांगवलं नाही. कपाटातल्या सगळ्या बाटल्यांचे तो रोख अठरा हजार देत होता.