शाईचा डाग अन् करपलेली पोळी

मंगळवार, संध्याकाळ

तवा उतरवला अन् लिहायले बसली. चिमी बोलली! बापाच्या बदलीनं रायपूरले आल्यापासून नात माझी मुकीच झाली होती. आज इथल्या तेलीबांधा भागातल्या मनाच्या डॉक्टरीणबाईनं तिले शाईचा डाग दाखवला. "यात काय दिसते?" मी ऑटोतच पढवलं होतं, फुलपाखरू म्हणजो, पास होशील. काहून पढवलं मी? बाई म्हणे, "आजी, यात पास-नापास नसते." तरी मी डोळ्यांनी खुणावूनच राहिली होती. पोट्टीनं डाग निरखला अन् म्हणे, "ये तो आजी की जली हुई रोटी है!" बाई हसली, मी रडली.

आत्ता मुद्दाम पोळी करपवून चिमीपुढे ठेवली. "काय दिसते?"

"फुलपाखरू," म्हणते लबाड!