सहाव्या विषाणूचा माग

आदरणीय व्याहीसाहेब,

सादर नमस्कार. विहीणबाईंच्या गुडघ्याला उतार असेल आणि आपण औषधांच्या दुकानात बसून डॉक्टरांच्या अक्षरावर पूर्वीसारखेच चिडत असाल, असं धरून चालतो. इकडे सर्व क्षेम आहे. (सर्व म्हणजे मी सोडून सर्व, ते पुढे येईलच.)

आपल्या नातीला, म्हणजे आमच्या दहा महिन्यांच्या मुकादमीणबाईंना (नुसतं बोट दाखवून अख्ख्या घराला कामाला लावतात म्हणून हे नाव), पंधरवड्यापूर्वी ताप आला हे सूनबाईंनी फोनवर सांगितलंच असेल, पण तपशील सांगितला नसणार. तीन दिवस ताप एकशे तीनच्या आसपास. चौथ्या दिवशी सकाळी साफ उतरला आणि दुपारपर्यंत छाती-पाठीवर गुलाबी पुरळ! आधी ताप जातो आणि मग पुरळ येतं, हा उलटा क्रम मी वाचलेला होता. आपण जाणताच, मी हॉस्पिटलच्या ग्रंथालयाची मासिकं बांधतो आणि प्रत्येक फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या पानांची जुडी, शिवण्याआधी वाचतो. (शाळा आठवीत सुटली, पण एकोणतीस वर्षांचे अंक माझ्या हाताखालून गेलेत. इतके वाचलेला एक डॉक्टर दाखवावा.)

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साधा व्हायरस आहे, जाईल." मी विचारलं, "कितवा?" "काय कितवा?" त्यांनी विचारलं. मी खुलासा केला की माणसाला होणाऱ्या हर्पिस विषाणूंच्या घराण्यात आठ जण आहेत. ओठावर पुळी आणणारा पहिला, कांजिण्या आणि नागीण दोन्ही करणारा तिसरा, ही जुनी मंडळी. सहावा १९८६ साली सापडला, सातवा १९९० साली, आणि आठवा १९९४ साली, एका जातीच्या कर्करोगात (त्याचा इथे संबंध नाही, पण यादी अर्धवट सोडणं मला जमत नाही). हे पुरळ बहुधा सहाव्याचं, क्वचित सातव्याचं. तर कितवा? "काका," त्या म्हणाल्या, "कितवाही असो. तापाचं औषध आणि भरपूर पाणी." इतकी विद्या आणि एवढं कमी कुतूहल!

मग मी स्वतःच तपास हाती घेतला. सहावा लहानपणी एकदा शिरला की जन्मभर अंगात दडून राहतो आणि मोठ्यांच्या लाळेतून गुपचूप मुलांकडे जातो. म्हणजे घरातल्याच कुणाची तरी लाळ. मी जेवणाच्या टेबलाशी सगळ्यांची जबानी घेतली: पापा कोण घेतं, उष्टा पेला कुणाचा. चिरंजीव म्हणाले, "बाबा, चोर पकडल्यावर काय करणार आहात?" आमची ही म्हणाली, "बाइंडरनं बाइंडिंग करावं." मी मात्र ठणकावून सांगितलं की जो सापडेल त्याने महिनाभर मुलीला हात लावायचा नाही, मग तो कुणीही असो.

तेव्हा सूनबाईंनी शांतपणे विचारलं, "बाबा, सूप भरवताना चमचा आधी ओठाला कोण लावतं?"

व्याहीसाहेब, तो मी. बोटाने तापमान नीट कळत नाही, ओठाने कळतं. ही माझी पद्धत आहे आणि दर चमच्याला आहे. आमची ही खो-खो हसत सुटली. आज नववा दिवस. मुकादमीणबाई दारातून माझ्याकडे हात करतात आणि सूनबाई म्हणतात, "नियम तुमचाच आहे, बाबा." मी पुठ्ठे कापत बसतो. कालचा एक तिरका कापला गेला.

आपला,
व्याही

ता. क. आपल्या लेकीला आपलाच शब्द पटतो. तेव्हा तिला एवढं लिहावं की सहावा जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसात असतो, दोन वर्षांची होईपर्यंत बहुतेक मुलांना तो गाठतोच, आणि एकदा येऊन गेल्यावर आजोबांना लांब ठेवण्यात अर्थ नाही. सातवा अजून यायचा असेल, हे कृपया लिहू नये.

ता. क. २. ताप येण्याच्या बरोबर दहा दिवस आधी (सहाव्याला अंगात शिरल्यापासून ताप आणायला साधारण तेवढेच लागतात) आपण येऊन गेलात आणि मुकादमीणबाईंचे सात पापे घेतलेत. (मी मोजत होतो असं नाही, दिसले.) हे मी घरात बोललेलो नाही. आपल्या पत्राची वाट पाहतो.

ता. क. ३. वरचं लिहीत असताना मुकादमीणबाई रांगत आल्या, माझ्या दातांतलं पेनाचं टोपण ओढून काढलं आणि स्वतःच्या तोंडात घातलं. सूनबाई अंघोळीला होत्या. मी टोपण तात्काळ काढून घ्यायला हवं होतं. पण त्यासाठी तिला मांडीवर घ्यावं लागलं, आणि मग बराच वेळ ते राहूनच गेलं. हे पत्र वाचून फाडावं.