निळा ठिपका

प्रिय धाकट्या,

फोन असताना ताईला टपाल का सुचलं, असा प्रश्न तुला पडेल. तुझी बायको जवळ असती तर म्हणाली असती, 'संस्कृतच्या बाई त्या, त्यांचं काय, उद्या ताम्रपटसुद्धा पाठवतील.' तिला माझे आशीर्वाद सांग. फोनवर तू मधेमधे बोलतोस, आणि या वेळी मला एकटीनं बोलायचं आहे. सतरा वर्षांपूर्वी इस्पितळाच्या व्हरांड्यात तू एकटा बोललास, मी ऐकलं. आज तू ऐक.

बातमी अशी. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी एक जुनी मोटारसायकल घेतली आहे. सपाटीवर ती शहाण्या मुलीसारखी चालते. चढावर पूर्ण थ्रॉटल दिला की धापा टाकते आणि इंजिनाची भट्टी होते. विभक्त्या शिकवणाऱ्या बाईंचे वडील गॅरेजवाले होते, हे मास्तरांना कुणीतरी सांगितलं. 'बाई, तुम्हाला त्यातलं काही कळतं का हो?' त्यांनी भीत भीत विचारलं. मी म्हटलं, एके काळी कळतं असा माझा समज होता. रविवारी सकाळी ते गाडी घेऊन माझ्या अंगणात आले, आणि टाकीवरचा पोचा दिसताच मी त्यावरून बोट फिरवलं. दुकानाच्या दाराचा अंदाज चुकून तू पाडलेला पोचा तो. बाबांची गाडी रे. 'ताई, मला ती बघवत नाही गं' म्हणून अपघातानंतर महिन्याभरात जी तू भंगारात काढलीस, तीच. किती हळव्या मनाचा आमचा धाकटा, असं मी तेव्हा ज्याला त्याला सांगत फिरले होते. आता त्या सगळ्यांना गाठून ते शब्द परत घ्यायचे म्हणजे केवढी पायपीट!

मास्तरांच्या मेकॅनिकनं इंजिनात नवा पिस्टन घातला होता, आणि कार्बोरेटर मात्र बाहेरून फडक्यानं पुसून जसाच्या तसा लावला होता. आळशी माणसाचे उपकार कधीकधी फार मोठे असतात. मी आधी प्लग काढून बघितला. खडूसारखा पांढरा. तुला सांगायला नको, पण सांगते, कारण तू हल्ली दुकानात नुसता मालकाच्या खुर्चीवर बसतोस असं ऐकलं: पेट्रोल पुरेसं मिळालं तर प्लग विटेच्या रंगाचा होतो, जास्त झालं तर काजळतो, आणि हवा जास्त, पेट्रोल कमी झालं तर असा पांढराफटक पडतो. म्हणजे इंजिन उपाशीपोटी पळत होतं. मग मी हवेच्या स्क्रूकडे वळले आणि माझा हात तिथेच थांबला. स्क्रूच्या डोक्यावर माझा पिवळा ठिपका होता. किंचितही न तडकलेला.

बाबांचा तो नियम तू अजून पाळतोस की नाही, कोण जाणे. ज्यानं स्क्रू फिरवला त्यानं त्यावर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा; पुढे तो स्क्रू फिरला की रंग तडकतो. बाबांचा लाल, माझा पिवळा, तुझा निळा, दुकानातल्या मिस्त्रीकाकांचा पांढरा. ज्याचा ठिपका शेवटचा, त्याची जबाबदारी. त्यावर अपील नाही. बाबांच्या दुकानात आपण सही करायला शिकलो त्याच्या आधी ठिपका द्यायला शिकलो. अपघाताच्या दिवशी सकाळी बाबांच्या गाडीचं ट्यूनिंग मीच केलं होतं. इंजिन गरम केलं, स्क्रू हलक्या हातानं तळाला टेकवला, दीड फेरा मागे घेतला, आवाज एकसारखा होईपर्यंत कान लावून बसले, ठिपका दिला. दोन तासांनी चढावर पूर्ण वेगात पिस्टन जाम झाला, मागचं चाक अडकलं आणि बाबा उजव्या हातावर पडले. त्या मनगटानं पुढे स्क्रूड्रायव्हर कधी धरला नाही. व्हरांड्यात तू रडत रडत म्हणालास, 'ताईनंच सकाळी स्क्रू फिरवला होता, मी म्हणत होतो जास्त हवा नको देऊस.' मिस्त्रीकाका उठून गाडी बघून आले आणि जड आवाजात म्हणाले, 'ठिपका पिवळाच आहे.' निकाल लागला.

मी तेव्हा एकदाच तोंड उघडलं होतं. म्हटलं, अहो, हवेचा स्क्रू गाडी उभी असतानाचा आणि हळू चालतानाचा धनी. पूर्ण थ्रॉटलला त्याला कोण विचारतो? तिथे कार्बोरेटरच्या खालच्या वाटीतल्या मेन जेटचं, पेट्रोल सोडणाऱ्या त्या भोकाचं, राज्य. काका म्हणाले, 'पोरी, आत बाप पडलाय, आता शहाणपण नको.' आणि मी गप्प बसले. त्याबद्दल मला तुझी वाटते तितकीच लाज माझीही वाटते. तर्कशास्त्राचे धडे गिरवलेली बाई, आणि समोर हेतू, म्हणजे पुरावा, दिसत नसताना निष्कर्ष मान्य करून बसले! पुढे तर मलाच खरं वाटू लागलं. ठिपका माझा होता ना.

रविवारी मी गाडीखाली पाठीवर झोपले. एक्कावन्नाव्या वर्षी हे सोपं नाही. मास्तरांना वाटलं बाईंना चक्कर आली. वाटीच्या बुडाला चार स्क्रू, त्यावर वर्षानुवर्षांचा चिखल. ब्रश पेट्रोलमध्ये बुडवून एकेक घासला. पहिला लाल. दुसरा लाल. तिसरा लाल, तिन्ही तडकलेले. चौथ्यावर, तडकलेल्या लाल रंगाच्या अंगावर, नीटनेटका निळा ठिपका.

मी हसले रे, खरंच मोठ्यानं हसले. चोरून वाटी उघडलीस, चोरून लावलीस आणि उठताना सवयीनं ठिपका दिलास! बाबांनी वळण किती पक्कं लावलं होतं बघ. वाटी उघडली तर एकशेदहाच्या जागी नव्वदचा जेट. मग आठवलं, त्या आठवड्यात तू जेवताना बढाई मारत होतास, 'बाबा, तुमच्या गाडीचं मायलेज वाढवून दाखवतो, पैज.' बारीक भोकाचा जेट घातलास. मायलेज वाढलंच असेल, चढ येईपर्यंत. तेवढ्यापुरता तुझा गुन्हा मी कधीच माफ केला असता. चोविसाव्या वर्षी माणूस गाढव असायचाच. पण व्हरांड्यात तुला ठाऊक होतं. बाबांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही, फक्त एवढंच म्हणाले, 'तुझं शिक्षण झालंय, तू शाळेचं बघ,' आणि माझी हत्यारं स्वतः डाव्या हातानं पुसून पेटीत ठेवली, तेव्हाही तू दारातच उभा होतास. पुढची तेरा वर्षं त्यांनी डाव्या हातानं घास घेतला. मी समोर बसून पाणी द्यायचे आणि ते माझ्या हातांकडे बघायचे नाहीत. चार वर्षांपूर्वी ते गेले, ते तेच मनात धरून. त्यांना आता काही सांगता येत नाही. ती सोय तू ठेवली नाहीस.

तर पत्राचं कारण. तू क्षमा मागावीस म्हणून नाही. ती तू लगेच मागशील, डोळे भरून मागशील, आणि थोरली म्हणून मला ती द्यावी लागेल. तेवढी फट मी ठेवलेली नाही. वाटी, तो जेट आणि चौथा स्क्रू पुड्यात बांधून, या पत्राच्या इथवरच्या नकलेसह, मी बुधवारीच मिस्त्रीकाकांच्या घरी पोचवले; मास्तरांच्या गाडीला दुसरी वाटी आणि मोठा जेट बसवून दिला. काल त्यांचा फोन आला. म्हणाले, 'पोरी, दुकानात सगळ्यांना दाखवलं. झालं ते फार वाईट झालं.' मी त्यांच्याकडून एकच वचन घेतलं आहे, तुला कुणी काही विचारायचं नाही. विचारलं की तू बोलायला लागशील, आणि बोलण्यात तू पटाईत आहेस. शनिवारी दहाच्या टपालानं पत्र यावं, अशा बेतानं मी ते घरी न पाठवता दुकानाच्या पत्त्यावर टाकते आहे. त्या वेळी सगळे कामावर असतात. वाचून झालं असेल तर मान वर कर. ते तुझ्याचकडे बघताहेत.

अजूनही तुझीच,
ताई